विक्रम मोडत नाही, ओलांडला जातो

प्रश्न असा: अमेरिकी बेसबॉलपटू बेब रूथचे १९२७ च्या हंगामातले ६० होम रन (बेसबॉलचे षटकारच म्हणा) आणि बॅरी बाँड्सचे २००१ मधले ७३, यांची तुलना करताना 'विक्रम' म्हणावं की 'उच्चांक'?

दोन्ही चालतील, फक्त 'विक्रमी उच्चांक' नको. क्रीडापानांवर ही जोडगोळी दिसली की डोकं उठतं. उच्चांक आकड्याचा, विक्रम माणसाचा.

खरी गंमत पुढेच आहे. विक्रम म्हणजे शौर्य, असं सांगून लोक थेट विक्रमादित्याकडे वळतात. अहो, ते नंतरचं! धातू 'क्रम्', म्हणजे पाऊल टाकणं. ऋग्वेदात विष्णू तीन पावलं टाकतो तिथे 'वि चक्रमे' आहे. म्हणून तो त्रिविक्रम. विक्रम म्हणजे लांब ढांग. आणि या अर्थाला होम रनइतका जागणारा फटका दुसरा नाही. षटकार मारणारा जागचा हलला नाही तरी चालतं. बेसबॉलमध्ये चेंडू कुंपणापार गेला तरी मैदानाच्या चार कोपऱ्यांवरच्या चारही बेसना पाय लावत यावंच लागतं. १९५९ मध्ये मिलवॉकी संघाच्या जो अ‍ॅडकॉकने चेंडू बाहेर धाडला, पण पळताना तो पुढे पळणाऱ्या सहकारी हँक आरनच्याही पुढे गेला, जे नियमात बसत नाही, आणि होम रनचा नुसता डबल, म्हणजे दोनच बेसचा फटका झाला. अतिक्रमाने विक्रम गेला. धातू तोच!

'रेकॉर्ड म्हणजे नोंद, तेव्हा विक्रम बाद करा, सगळीकडे उच्चांकच लिहा' म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांनी फ्रँक बेकर या जुन्या बेसबॉलपटूचं काय करायचं ते सांगावं. १९११ मध्ये ११ होम रनवर तो अमेरिकन लीगमध्ये (तिथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) पहिला आला; त्याचं नावच 'होम रन बेकर' पडलं. अख्ख्या कारकिर्दीत ९६. तेव्हा एकच चेंडू मळून मऊ होईस्तोवर वापरत. त्या चेंडूवर मारलेले ११ आजच्या कुठल्या उच्चांकात बसवणार? ढांग मोजायची ती सोबत चालणाऱ्यांच्या पावलांशी. १९२७ मध्ये रूथच्या साठाइतके होम रन अमेरिकन लीगच्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला जमले नव्हते.

तेव्हा 'विक्रम मोडला' हेही इंग्रजीचं उष्टं सोडा. पाय मोडतो, पाऊल मोडत नाही. आरनने १९७४ मध्ये रूथचे कारकिर्दीतले ७१४ होम रन ओलांडले, असं लिहा. 'विक्रमाला गवसणी' घालणाऱ्यांनी तर एकदा वीणा बघून यावी. गवसणी तिला घालतात. पण तो शब्द पुढच्या खेपेला.