वाढीव चार एकर, की दुसरा मार्ग?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या डेपोवर रोज सुमारे 40 टन कचरा येतो. शेजारची 4 एकर जमीन घेऊन डेपो वाढवायचा प्रस्ताव आहे. विरोधक कंपोस्ट, बायोगॅस, कचऱ्यापासून वीज आणि 50 किलोमीटरवरचा सामायिक डेपो असे पर्याय सुचवतात. यांतला कोणता कमी घातक, हे कसे ताडून पाहावे?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सगळे पर्याय एकाच मापाने मोजा : गेटवर आलेल्या एक टन कचऱ्याचे शेवटी काय होते? हवेत काय गेले, पाण्यात काय उतरले आणि पुरायला किती उरले?

त्याआधी कचरा तपासा. चार-पाच वॉर्डांतल्या घंटागाड्यांमधून मिळून 100 किलो कचरा ताडपत्रीवर ओता, कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. ते निवडून तोला. हेच आठवडाभर करा, बाजाराचा दिवस धरून. समजा, 40 टनांत ओला 22, विकला जाणारा सुका 8 आणि उरलेला 10 टन निघाला. पहिले दोन्ही खरोखर वेगळे झाले, तर 5 वर्षांत भरणारा खड्डा जवळपास 20 वर्षे पुरेल. आमच्या मते निर्णय इथेच होतो, यंत्र कोणते यावर नव्हे.

वाहतुकीवरून सर्वांत जास्त भांडण होते. 10 टनांच्या गाडीची 100 किलोमीटरची फेरी, लिटरला 4 किलोमीटर, म्हणजे 25 लिटर डिझेल. टनामागे सुमारे 7 किलो कार्बन डायऑक्साइड. उलट, ओला कचरा पुरला की हवेविना कुजून मिथेन सुटतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. त्यामुळे ओला कचरा दूर नेऊन पुरला, तर फक्त पत्ता बदलतो.

कंपोस्टच्या राशीला ओलावा 50-60 टक्के लागतो आणि आतले तापमान 55 अंशांवर काही दिवस टिकावे लागते. मूठभर माल घट्ट दाबा : बोटांतून पाणी टपकले तर हवा कोंडली आहे. अशा राशीतूनही मिथेन निघतो, वास सुटतो. सुकी पाने किंवा भुसा मिसळून रास पालटा. मिश्र कचऱ्याच्या खतात काच आणि जड धातू उतरतात, असे खत शेतात नको.

बायोगॅसमध्ये एक टन स्वच्छ ओल्या कचऱ्यापासून 80 ते 100 घनमीटर गॅस मिळू शकतो. पण प्लॅस्टिक, करवंट्या आत गेल्या की पंप अडतो. एकदम जास्त माल भरला की आम्लता वाढते आणि सामू (पीएच, आम्लतेचे माप) 6.5 च्या खाली गेला की गॅस घटतो. गॅस साठवणारा डोम गळका असेल, तर तो मिथेन थेट हवेत सोडतो.

कचरा जाळून वीज हा पर्याय तुमच्या 40 टनांना बसत नाही. ओल्या कचऱ्याची उष्णता स्वतःचे पाणी उडवण्यातच जाते, शिवाय राख पुरावीच लागते आणि धुराची चाचणी सतत करावी लागते.

जुना ढीग विसरू नका. तो उकरून, जिवाणू-द्रावण फवारून, पालटून, चाळण्यांतून काढला (बायोमायनिंग), तर जागा तिथल्या तिथेच मोकळी होते आणि 4 एकरांची गरजच उरत नाही, असेही घडू शकते. हे काम पावसाळ्याआधी उरका. उकरताना साठलेल्या गॅसमुळे आग लागते, म्हणून टँकर जवळ हवा. निघालेल्या मातीची जड धातूंची चाचणी झाल्याशिवाय ती कुणाच्या शेतात जाऊ देऊ नका.

पुरण्याची जागा तरीही लागेलच. तिच्या तळाशी 90 सेंटीमीटर चिकणमाती आणि 1.5 मिलिमीटर जाडीचा एचडीपीई (चिवट प्लॅस्टिक) थर आराखड्यात आहे का, ते पाहा. आपल्याकडच्या काळ्या कातळात भेगा असतात, त्यांतून कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी विहिरीपर्यंत सरकते. म्हणून काम सुरू होण्याआधीच वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे पाणी क्लोराइड व अमोनियासाठी तपासून घ्या. नंतर तुलनेला आकडे हाताशी हवेत.

प्रश्न : घरी वेगळा केलेला कचरा घंटागाडीत एकत्रच पडतो. मग उपयोग काय?

उत्तर : गाडीत पत्र्याचा आडवा कप्पा बसवणे स्वस्त आहे. तोवर वॉर्डात ओला रोज आणि सुका आठवड्यातून दोनच ठरलेल्या दिवशी घ्यायला सांगा. नगरसेवकाकडे अर्ज देताना वरची तोललेली आकडेवारी जोडा.