ऑर्डर दिली म्हणजे विमान आलं नाही

एखादी प्रादेशिक विमान कंपनी मोठी जेट घेणार, देशभर पसरणार अशी बातमी आली की पुढचे पंधरा दिवस माझ्याकडे तेच ते प्रश्न येत राहतात. विमान कंपन्यांच्या मार्ग-नियोजनात माझी नोकरी झाली, म्हणून लोक विचारतात. ऐकीव गोष्टींवर पैसे लावण्यापेक्षा विचारलेलं कधीही बरं. या वेळी बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातली पत्रं एकत्र घेतो.

स्टार एअर छोटी विमानं काढून आता जेट आणणार असं ऐकलं. खरं का? (निपाणी)

स्टार एअरची विमानं पहिल्या दिवसापासून जेटच आहेत. जानेवारी 2019 मध्ये कंपनी सुरू झाली ती 50 आसनी एम्ब्राएर 145 वर. त्याची इंजिनं मागे शेपटीजवळ असतात. 2023 पासून 76 आसनी एम्ब्राएर 175 आली. पंख्याचं विमान ते एटीआर, ते दुसऱ्या कंपन्यांचं.

सांब्र्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी मोठ्या जेटला पुरते का? (अनगोळ)

पुरते. 2300 मीटरची आहे, आणि एअरबस 320 व बोइंग 737 इथे उतरलेली आहेत.

उडान योजनेत सुरू झालेली आपली विमानं मध्येच बंद का होतात? सीमाभाग म्हणून आपल्यावर अन्याय होतो का? (खानापूर)

या एका बाबतीत तरी कारण पैशाचं आहे. उडानमध्ये विमानातल्या ठरावीक आसनांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि त्यात येणारी तूट सरकारने भरून द्यायची, असा करार असतो. ही मदत तीन वर्षांची. त्या तीन वर्षांत मार्गाला स्वतःचा प्रवासी मिळाला नाही, तर चौथ्या वर्षी कंपनी विमान दुसरीकडे नेते. 2018 मध्ये आपल्याकडची विमानं हुबळीला गेली तीही याच हिशेबाने. हुबळीला उडानचा आधार होता, बेळगावला तो पुढे तिसऱ्या फेरीत मिळाला. शिवाय हुबळी, कोल्हापूर आणि गोवा तिन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जातो, धारवाडकडचा हुबळीला. आपला म्हणून उरतो तो प्रवासी किती, हे कंपनी आधी मोजते. चेंबर ऑफ कॉमर्सने निवेदनासोबत उद्यमबागेतले कारखाने आणि इस्पितळं यांच्याकडच्या महिन्याच्या प्रवासाचे खरे आकडे दिले, तर त्यांच्याशी बोलायला कंपनीचा माणूस नक्की बसेल.

टिळकवाडीत माझा टूर्सचा छोटा व्यवसाय आहे. एका प्रादेशिक कंपनीची मोठी जेट येणार, बेळगावहून नवे मार्ग सुरू होणार, म्हणून एक मोठा एजंट आत्ताच सिरीज फेअरच्या (ठरलेल्या भाड्यात आगाऊ, घाऊक घेतलेल्या) सीट ब्लॉक करायला सांगतोय. एकवीस हजार टोकन दिलं, पावती सोबत आहे. उरलेले तीन लाख भरू का? (बेळगाव)

भरू नका. आणि हे उत्तर लांबणार आहे, कारण याच कारणाने माणसं बुडताना मी पाहिली आहेत.

तुमची पावती नीट पाहिली. त्यावर विमान कंपनीचं नाव नाही, उड्डाणाचा क्रमांक नाही, तारीख नाही, पीएनआर नाही. ‘ॲडव्हान्स, नवीन सेक्टर’ एवढं लिहून खाली एक सही आहे, शिक्काही नाही. जे वेळापत्रकात नाही त्याची सीट ब्लॉक होत नाही. सिरीज फेअर हा रीतसर धंदा आहे, पण तो कंपनीच्या ग्रुप डेस्ककडून लेखी कराराने होतो आणि त्यात रद्द झाल्यास पैसे कधी परत मिळणार, हे लिहिलेलं असतं.

आता ‘जेट येणार’ याबद्दल. विजयवाड्याच्या एअर कोस्टाने 2014 मध्ये एम्ब्राएरच्या 50 नव्या जेटची ऑर्डर जाहीर केली. देशभर कौतुक झालं. त्या 50 मधलं एकही विमान कंपनीला मिळालं नाही, आणि फेब्रुवारी 2017 मध्ये कंपनी बंद पडली. पॅरामाउंटही एम्ब्राएरच उडवायची. 2005 मध्ये सुरू झाली, 2010 मध्ये थांबली. एअर डेक्कनने एटीआरवरून एअरबस 320 वर झेप घेतली, प्रवासी भरभरून मिळाले, तरी 2008 मध्ये ती किंगफिशरमध्ये विरघळली. या तिन्ही ठिकाणी माणसं हुशार होती आणि हेतू चांगला होता. कमी पडली ती रोकड.

ती का कमी पडते ते समजून घ्या. लहान विमानाला नियमांचाच आधार असतो. 80 पेक्षा कमी आसनांच्या विमानाला विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर उतरण्याचं शुल्क माफ असतं. 40 हजार किलोच्या खालच्या विमानांच्या कंपनीला भागभांडवलही कमी दाखवावं लागतं: पहिल्या पाच विमानांपर्यंत 20 कोटी. वजन त्याच्या वर गेलं की तेच 50 कोटी. मोठ्या जेटचं भाडं महिन्याच्या महिन्याला डॉलरमध्ये द्यावं लागतं, मग सीट भरोत वा न भरोत. वैमानिकांना नव्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण द्यायचं, सुटे भाग वेगळे ठेवायचे, मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, मिळवायचा. आणि हे सगळं जमल्यावर त्याच मार्गावर एखादी बलाढ्य कंपनी 180 आसनांचं विमान निम्म्या भाड्यात लावते. 76 आसनांचं विमान बेळगाव-मुंबई भरू शकतं. 180 आसनांचं रोज भरायचं म्हणजे आपल्यासारख्या चार-पाच गावांची गर्दी एका वेळी सांब्र्याला यायला हवी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. प्रादेशिक कंपनीने 76 आसनांतच घट्ट पाय रोवावेत, विमानं एकाच जातीची वाढवावीत आणि जिथे मोठे फिरकत नाहीत ते मार्ग धरावेत. त्यात तिचं भलं आहे आणि आपलंही. घाईने मोठी झालेली कंपनी बंद पडते, तेव्हा पहिला बळी आपल्यासारख्या गावाचा मार्ग असतो.

आणि कंपनी बुडाली तर तुमच्या तीन लाखांचं काय होतं? मे 2023 मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिकिटं काढलेले प्रवासी आणि एजंट, कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत बँकांच्या मागे उभे राहिले. तुम्ही तर त्या रांगेतही नसाल, कारण तुमच्या पावतीवर कंपनीच नाही. टोकन लेखी पत्र देऊन परत मागा. नाही दिलं तर वकिलाला पावती दाखवा, आणि ते याच आठवड्यात करा.

मुलाचं सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) झालं. मोठ्या जेटची भरती निघणार, आत्ताच एअरबसचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवण्याची पात्रता) करून ठेवा, असं संस्था म्हणते. शेतीवर कर्ज काढू का? (चिकोडी)

संस्था असं म्हणणारच, फी तिलाच मिळते. एका जातीच्या विमानाचं रेटिंग दुसऱ्या जातीला चालत नाही. एम्ब्राएर उडवणारी कंपनी तुमच्या मुलाच्या एअरबसच्या कागदाचं काय करणार? आणि रेटिंग करून वापरलं नाही तर ते चालू ठेवायला पुन्हा खर्च. संस्थेला एकच विचारा: कोणत्या कंपनीचं नेमणूकपत्र, कोणत्या तारखेचं? ते नसेल तर जमीन गहाण टाकू नका. मुलाला परवाना आणि क्लास वन मेडिकल (वैमानिकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र) चालू ठेवू दे, उड्डाणाचे तास वाढवू दे. इन्स्ट्रक्टरचं रेटिंग हा मार्गही बघा, त्यात उडताना पगार मिळतो. कर्जाचं मात्र आधी बँकेच्या माणसाशी आणि तुमच्या सीएशी बोला. हप्ता मुलाच्या पगारावर धरू नका, आज घरात जे येतं त्यावर धरा.

मोठी जेट आणणार म्हणतात त्या विमान कंपनीचे अनलिस्टेड (शेअर बाजारात न नोंदलेले) शेअर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळतायत. घ्यावेत का? (शहापूर)

नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराला विचारल्याशिवाय एक रुपयाही नाही.

विमान रद्द झालं, कंपनी म्हणते पैसे क्रेडिटमध्ये जमा केले, पुढच्या प्रवासाला वापरा. हे बरोबर का? (हुक्केरी)

तुम्ही मान्य केलं तरच बरोबर. विमान कंपनीने रद्द केलं असेल तर पर्यायी विमान घ्यायचं की पूर्ण पैसे, हे तुम्ही ठरवायचं. क्रेडिट तुमच्या माथी मारता येत नाही. ऐनवेळी कळवलं असेल आणि कारण हवामानासारखं हाताबाहेरचं नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीप्रमाणे 5 ते 10 हजारांपर्यंत भरपाईही लागू होऊ शकते. एजंटकडून तिकीट काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच. रद्द झाल्याचा मेसेज पुसू नका, कंपनीला ईमेल करा, उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. रक्कम मोठी असेल तर बेळगावच्या ग्राहक आयोगात काम करणाऱ्या वकिलाला भेटा.