नॉमिनी दीर असले, तरी पैसा वारसांचाच

प्रश्न: नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पती वयाच्या 38व्या वर्षी, अडीच महिन्यांपूर्वी, हृदयविकाराने गेले. मागे त्या, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत. मृत्युपत्र नाही. लग्नाआधी सुरू केलेले म्युच्युअल फंड (सुमारे 14 लाख रुपये), बँकेतील 6 लाखांची मुदत ठेव आणि प्रॉव्हिडंट फंड या तिन्हींवर धाकट्या दिरांचे नाव नॉमिनी म्हणून आहे; 10 लाखांच्या विमा पॉलिसीवर सासूबाईंचे आहे. ‘नॉमिनी मी, म्हणजे पैसा माझा’ असे दीर म्हणतात आणि त्यांनी हक्कसोडीचा कागद सहीसाठी पुढे ठेवला आहे.

उत्तर: ताई, सर्वांत आधी त्या कागदाविषयी. तुम्ही पाठवलेला फोटो मी नीट वाचला. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर टंकलेल्या त्या मजकुरात तुम्ही ‘स्वतःकरिता व अज्ञान मुलीची पालनकर्ती आई म्हणून’ सर्व हक्क सोडत आहात असे लिहिले आहे, आणि तारखेची जागा कोरी आहे. यावर सही करू नका. वडिलांच्या पश्चात तुम्ही मुलीच्या नैसर्गिक पालक आहात, पण ते पालकत्व तिच्या हिताच्या रक्षणासाठी आहे. तिचा हिस्सा फुकट सोडून देण्यासाठी नाही.

आता मूळ मुद्दा. नॉमिनी म्हणजे संस्थेने रक्कम कोणाच्या हाती द्यायची, एवढेच ठरवणारे नाव. ती रक्कम त्याने वारसांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची असते. दिरांना कोणी उलट सांगितले असेल, तर त्यालाही कारण आहे: 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालात शेअर्सच्या बाबतीत नॉमिनीच मालक होतो असे म्हटले गेले होते आणि तो समज अजून फिरतो आहे. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या निधनानंतर त्यांच्या गुंतवणुकीवरून झालेल्या वादात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने 2016 मध्ये तो विचार नाकारला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी त्यावर शिक्कामोर्तब केले. त्या वादात म्युच्युअल फंडही होते, म्हणून तो निकाल तुम्हाला थेट उपयोगी पडतो.

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे पत्नी, मुले आणि आई. तुमच्या घरात तुम्ही, मुलगी आणि सासूबाई यांना प्रत्येकी एक तृतीयांश मिळेल. भाऊ दुसऱ्या वर्गात येतो आणि पहिल्या वर्गातले वारस असताना त्या वर्गाची पाळी येत नाही, त्यामुळे फंड आणि मुदत ठेव मिळून 20 लाखांत दिरांचा वाटा शून्य आहे.

मात्र हक्क असणे आणि पैसा जागेवर राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला खरी काळजी मुदत ठेवीची वाटते. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 45झेडबी नुसार नॉमिनी असलेल्या ठेवीबाबत इतरांच्या नुसत्या हरकतीची दखल घेण्यास बँक बांधील नसते. न्यायालयाचा आदेश किंवा प्रमाणपत्र मात्र तिला मानावेच लागते. फंड कंपनीला आणि तिच्या रजिस्ट्रारला (गुंतवणूकदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) वारसांत वाद असल्याचे पत्र पोचपावतीसह जरूर द्या, पण पत्रावर विसंबून राहू नका. नाशिकच्या दिवाणी न्यायालयात वाटणी व हिशेबाचा दावा दाखल करून त्यासोबतच तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्यावा. हे काम या आठवड्यातले आहे. दिरांनी रक्कम आधीच काढली असेल, तरी ती परत देण्याची त्यांची जबाबदारी संपत नाही, फक्त वसुली लांबते.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी, म्हणजे आपण ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतो त्यासाठी, अर्जही लागेल. तलाठ्याकडची वारस नोंद येथे चालत नाही. अर्जात प्रत्येक फोलिओ क्रमांक (म्युच्युअल फंडातील खाते क्रमांक) आणि ठेव पावतीचा क्रमांक अचूक लिहा. राहून गेलेल्या खात्यासाठी पुन्हा न्यायालयात यावे लागते.

प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट निराळी आणि तुमच्या बाजूची आहे. त्या योजनेत ‘कुटुंबा’त भाऊ बसत नाही आणि लग्नाआधी भावाच्या नावे केलेले नामांकन लग्न होताच रद्द ठरते. म्हणून ती रक्कम तुम्हाला, मुलीला आणि सासूबाई मुलावर अवलंबून असतील तर त्यांनाही समान मिळेल. पतीच्या कंपनीतून फॉर्म 20, पेन्शनसाठी 10डी आणि ईडीएलआय, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या आयुर्विम्यासाठी 5आयएफ भरा. या विम्यात कमाल 7 लाख रुपये मिळू शकतात, आणि तो आहे हेच अनेक घरांना ठाऊक नसते.

विमा पॉलिसीबाबत मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. विमा कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर त्यांना ‘लाभार्थी नॉमिनी’ मानले जाते, म्हणजे रक्कम त्यांची स्वतःची होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2025 मध्ये, वारसांनी दावा केल्यास त्यांचा हक्क शाबूत राहतो असा अर्थ लावला आहे, पण तो महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही. या 10 लाखांसाठी लढण्याआधी सासूबाईंशी एकदा शांतपणे बोला. त्यांनी मुलगा गमावला आहे आणि बाकी मालमत्तेत त्यांचा तिसरा हिस्सा खरा आहे. तो तुम्ही आधीच लेखी मान्य केलात, तर दाव्यात त्या तुमच्याबरोबर उभ्या राहण्याची शक्यता बरीच वाढते, आणि तसे झाले तर दिरांचा दावा फार टिकणार नाही.

खर्चाची चिंता तुम्ही पत्रात दोनदा लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात मृत्यूचा दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, मिळतील तेवढी गुंतवणुकीची कागदपत्रे आणि तो सही न केलेला स्टॅम्प पेपर घेऊन जा.