ठिपके कुणाचे?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं मिरजेत सतार-तानपुऱ्याचं काम आहे. मेहुणा मेलबर्नला असतो, त्याच्या ओळखीचा एक सुव्हेनिअरवाला म्हणतोय डिजरीडू (तिथल्या आदिवासींचं लांब नळीसारखं फुंकायचं वाद्य) बनवून द्या, बांबूचे पण चालतील, वर ॲबोरिजिनल लोकांसारखे ठिपके काढायचे, डिझाइनचे फोटो तो पाठवणार. दोनशे नगांची ऑर्डर आहे, निम्मे पैसे ॲडव्हान्स. हात सध्या रिकामेच आहेत. घ्यावी का? कायद्याचं काही लफडं नाही ना?
– एक कारागीर, मिरज

उत्तर : दादा, नका घेऊ. ॲडव्हान्स आला असेल तर परत करा.

आधी कायद्याचं बघू. तसं दिसणारं काहीही विकायला तिथं सरसकट बंदी नाहीये, पण ते आदिवासींनी बनवलंय असं गिऱ्हाइकाला भासवलं की ग्राहक कायदा आडवा येतो. इंडोनेशियात बनवलेली बूमरँग आणि डिजरीडू अशी हजारो नग एका कंपनीनं विकली, वर 'हँड पेंटेड', 'ऑस्ट्रेलिया' असं छापून, तर 2019 मध्ये तिथल्या फेडरल कोर्टानं 23 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोकला. कंपनी तोवर बसलीच होती म्हणा.

पण समजा कायदा नसता, तरी मी नकोच म्हटलं असतं. तुमच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला ना? कशासाठी धडपडलात, तर कुणीही कुठंही बनवून 'मिरज' म्हणून विकू नये म्हणूनच की. शिकलगारांची पोरं हत्यारांना धार लावायचं सोडून भोपळ्याला आकार द्यायला बसली त्याला दीडशे वर्षं झाली, ती सगळी मेहनत त्या एका नावात आहे. आता तोच हिशोब तिथल्या आदिवासींना लावा. डिजरीडू हे उत्तरेकडचं वाद्य, आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक त्याला यिडाकी म्हणतात, वाळवीनं आतून पोखरलेलं निलगिरीचं खोड नेमकं शोधून काढतात, ठोकून आवाज ऐकतात (तुम्ही भोपळा टिचकी मारून बघता तसं) आणि मग तासतात. ते ठिपके मात्र मधल्या वाळवंटातले, पापुन्या गावचे लोक 1971 च्या सुमारास बोर्डावर रंगवायला लागले तिथून जगभर गेले. म्हणजे तुमचा सुव्हेनिअरवाला कोल्हापुरी चपलेवर पैठणीचा मोर काढायला सांगतोय! आणि त्या चित्रांत घराण्याघराण्याच्या गोष्टी असतात, कुठली कुणी काढायची ते ठरलेलं असतं, त्यांच्यातलाच माणूस पण दुसऱ्याची गोष्ट न विचारता रंगवत नाही.

मग धंदा करायचाच नाही का? करा की. तुमच्याकडं गवसणी शिवणारी माणसं आहेत. यिडाकी लांब असते, पाठवताना तडकते, चांगल्या गादीच्या गवसण्या लागत असणारच. तिकडं गावागावांत लोकांच्या स्वतःच्या मालकीची आर्ट सेंटर आहेत, यिर्कला गावचं बुकु-लार्ङ्गाय मुल्का यिडाकीसाठी नावाजलेलं आहे. साधी ईमेल करा, आम्ही वाद्यवाले आहोत, तुम्हाला हे लागतं का? लागत असलं तर कसं? आधी सॅम्पल आणि रेट लिस्ट फेकू नका. त्यांचं एखादं चित्र गवसणीवर हवंच असेल तर चित्रकाराशी लेखी लायसन्स, प्रत्येक नगामागं रॉयल्टी आणि टॅगवर त्याचं नाव. फोटोवरून उचलायचं नाही.

आणि घाई करू नका. मी तासगावचा बेदाणा बाहेर पाठवण्यात बारा वर्षं काढली, मला आठ दिवसांत उत्तर नाही आलं की चौथा फोन जायचा, ती सवय इथं मोडावी लागेल. मयत झालं की तिथं 'सॉरी बिझनेस' असतो, सगळं थांबतं, महिना पण जातो. आपल्याकडं सुतकात कोण रेट ठरवतं? नाही म्हणाले तर नाही, दुसऱ्या सेंटरला मागच्या दारानं जाऊन तेच विचारायचं नाही, ते एकमेकांना ओळखतात.

प्रश्न : माझा पुतण्या पर्थला नोकरीला आहे. त्यांच्या ऑफिसात मिटिंगच्या सुरुवातीला जमिनीच्या मूळ मालकांबद्दल दोन ओळी म्हणतात, या वेळी त्याला सांगितलंय. बाहेरच्या माणसानं म्हटलं तर चालतं का?
– एक काकू, कराड

उत्तर : चालतं काकू. ते 'ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री', कुणीही म्हणू शकतं. 'वेलकम टू कंट्री' वेगळं, ते त्या जमिनीच्या माणसानंच करायचं, त्याला रीतसर बोलवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, चहा-नारळावर भागवायचं नाही. पर्थ ही नूंगार लोकांतल्या वाजूक गटाची जमीन.

फक्त दोन ओळींनी भागतं असं कंपनीनं समजू नये. रिओ टिंटो या खाणवाल्या कंपनीनं 2020 च्या मे महिन्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात जुकान गॉर्ज इथली 46,000 वर्षांपूर्वीपासून माणसांचा वावर असलेली गुहा सुरुंग लावून उडवली, परवानगीचा कागद 2013 पासून हातात होता, पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोक नको म्हणत होते तरी. पुढं मुख्य अधिकाऱ्याला जावं लागलं, गुहा काही परत आली नाही. कागद पक्का म्हणजे संमती झाली असं नसतं, हे कोयनेच्या धरणग्रस्तांना विचारा, कराडात तुम्हाला शेजारीच सापडतील.

पुतण्याला एवढंच सांगा, 'वाजूक'चा उच्चार तिथल्या माणसाकडून आदल्या दिवशी विचारून घे, ऐन मिटिंगमध्ये अडखळून हसू नको.