माल नाकारला की ऑर्डरच रद्द झाली?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले आणि २०२५ च्या प्रवेशासाठी अमेरिकेतील आठ विद्यापीठांत पीएच.डी.चे अर्ज भरले. सात ठिकाणांहून नकार आला. आठव्या विद्यापीठाने पीएच.डी. नाकारून एम.एस.ला प्रवेश देऊ केला आहे, मात्र त्यात आर्थिक साहाय्य काहीच नाही. नकाराची पत्रे बहुधा मध्यरात्रीनंतर येत, त्यामुळे मोबाइल उशाशी ठेवून झोपायची लागलेली सवय अजून सुटत नाही. वडिलांचे उद्यमनगरात लेथचे छोटे वर्कशॉप आहे. जॉबवर्कच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी माझ्या अर्जांचे शुल्क तारखेनिशी लिहून ठेवले आहे. ती बेरीज ६० हजारांच्या आसपास गेली आहे. आता ते गावाकडची वीस गुंठे जमीन तारण ठेवायला निघाले आहेत. मी कुठे कमी पडले? हा प्रवेश घ्यावा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. घेऊ नये. तुम्हाला संशोधन करायचे आहे, आणि अमेरिकेत विज्ञानातील पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे शिक्षणशुल्क व निर्वाहभत्ता सहसा विभागच अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या कामातून भागवतो. एम.एस.चा खर्च मात्र बहुतेकदा घरून करावा लागतो आणि त्यानंतर पीएच.डी. मिळेलच, याची हमी कोणी देत नाही. त्यासाठी जमीन अडकवू नये, हे वडिलांना तुम्हीच सांगा. ते स्वतःहून मागे फिरणार नाहीत.

आता पहिला प्रश्न. वडिलांच्या वर्कशॉपमधून माल परत येतो तेव्हा माप चुकले म्हणून जॉब रिजेक्ट झाला की गिऱ्हाईकाकडेच पैसा नाही म्हणून ऑर्डर रद्द झाली, हे ते आधी पाहतात. विद्यापीठाच्या पत्रात हा फरक कळत नाही, कारण नाकारण्याचे कारण त्यात बहुधा लिहिलेलेच नसते. विभाग जेवढ्या विद्यार्थ्यांना पाच-सहा वर्षे पोसू शकतो, साधारण तेवढ्यांनाच तो घेतो. म्हणजे अनुदान आटले की जागा आटतात. २०२५ मध्ये तिकडच्या केंद्रीय संशोधन अनुदानांवर गदा आली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने तर देऊ केलेले पीएच.डी. प्रवेशही मागे घेतले. नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या तिकडच्या सरकारी संस्थेच्या पदवीधर अधिछात्रवृत्ती एरवी वर्षाला सुमारे २००० असत, त्या एप्रिलमध्ये १००० वर आल्या. त्या परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत हे खरे, पण तिकडच्या ज्या मुलांचा भार त्या उचलत, तो आता विभागांवर पडतो आणि बाहेरच्यांसाठी उरणारी जागा आणखी आकसते. तरीही सगळा दोष काळावर टाकून मोकळे होऊ नका. आपले उद्देशपत्र (अर्जासोबतचे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’) एखाद्या परखड प्राध्यापकांना वाचायला द्या. आठही ठिकाणी एकच पत्र नाव बदलून गेले असेल, तर ते त्यांच्या लगेच ध्यानात येईल.

पैशाअभावी अभ्यास मध्येच सुटण्याचा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरही आला होता. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांनी मुंबईत सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले आणि १९२० मध्ये त्या शिलकीला मित्राकडील कर्जाची व आपल्या शाहू महाराजांच्या मदतीची जोड देऊन ते पुन्हा लंडनला गेले. मधल्या तीन वर्षांत ते परतीच्या वाटेची तयारीच करीत होते, आणि तुमच्या येत्या वर्षाकडेही मी तसेच पाहतो.

सीएसआयआर-यूजीसी नेट ही विज्ञान विषयांची राष्ट्रीय पात्रता परीक्षा वर्षातून साधारण दोनदा होते. त्यात कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मिळतात, घरभाडे भत्ता वेगळा. गेट आणि जेस्ट या प्रवेश परीक्षांचेही अर्ज भरा. दरम्यान एखाद्या अनुदानित प्रकल्पावर प्रकल्प साहाय्यक म्हणून जागा मिळते का ते पाहा. पगार बेताचा असेल, पण उपकरणावर हात बसेल आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमच्याविषयी लिहिण्याजोगे काही असेल.

अमेरिकेचा नाद सोडा असे मी म्हणणार नाही. पुढच्या खेपेस आठऐवजी चारच अर्ज करा आणि शुल्क भरण्याआधी, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्या त्या प्राध्यापकांना चार ओळींचे पत्र पाठवून येत्या वर्षी ते नवा विद्यार्थी घेणार आहेत का, हे विचारा. ज्यांच्याकडे अनुदान नाही, त्यांतले बरेच जण तसे सरळ कळवतात, आणि मग त्या विद्यापीठाचे शुल्क वडिलांच्या वहीत चढत नाही. अर्जाचे शुल्क माफ होते का, हेही विभागाच्या कार्यालयाला विचारा. काही ठिकाणी ते होते, पण मागितल्याशिवाय नाही. आणि या वर्षी ज्यांनी शिफारसपत्रे दिली, त्यांना निकाल काय लागला ते या आठवड्यातच जाऊन सांगा. त्यांच्याकडे तुम्हाला पुन्हा जायचे आहे.