नाट्यशाळेत स्वयंसेवक : सुरुवातीला एवढंच सांभाळा

अभिनंदन! शिक्षक होण्याआधी अमेरिकेतल्या नाट्यशाळेत स्वयंसेवक म्हणून काम करायची संधी मिळणं फार मोलाचं आहे. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया हायस्कूलसारख्या कलाशिक्षणाच्या शाळांत मुलं ऑडिशन देऊन आलेली असतात. त्यामुळे तिथे शिकवायची घाई नको, आधी उपयोगी पडा. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासणीला (गुन्हेगारी नोंद वगैरे बघतात त्याला) वेळ लागतो, म्हणून ते कागद सगळ्यात आधी.

तालमीत बहुधा संहिता धरून बसायचं काम मिळेल, म्हणजे वाक्यांवर लक्ष ठेवायचं, नटांच्या हालचाली नोंदवायच्या आणि अडलं तर वाक्य सुचवायचं. ते हलकं समजू नका.

- नोंदी पेन्सिलनेच करा. हालचाली रोज बदलतात, पेनने लिहिलं तर आठवड्यात पान वाचता येत नाही.
- रंगमंचाचं उजवं-डावं प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या नटाचं, प्रेक्षकांचं नव्हे. नवख्यांची इथेच गल्लत होते.
- वाक्य सुचवायचं ते मुलाने ‘लाइन’ म्हटल्यावरच. पहिले तीन-चार शब्द, लगेच, स्पष्ट आणि अभिनय न करता. नट थांबला की विसरला असं नसतं, तो विराम घेत असतो. तुम्ही मध्ये बोललात तर तो क्षण गेलाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाला परस्पर सूचना देणं. दिग्दर्शक शिक्षिका एक सांगतात, तुम्ही दुसरं, मूल गोंधळतं. सुचलेलं लिहून ठेवा, तालीम संपल्यावर शिक्षिकेला दाखवा. नृत्याच्या वर्गात पवित्रा सुधारायला हात लावू नका. फोटोही विचारल्याशिवाय नको.

प्रकाशयोजना, ध्वनी वगैरे पुढच्या सत्रात बघू. सध्या दोन पेन्सिली, खोडरबर आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी हजेरी.