जुनी ऑटोमॅटिक एसयूव्ही गरम झाली की गिअर स्लिप होतो. गिअरबॉक्स बदलावा का?

तुमची गाडी आणि माझी गाडी सख्ख्या बहिणी वाटतात, म्हणून लिहायला बसलो. तुमची २०११ ची डिझेल ऑटोमॅटिक, लॅडर फ्रेमची, म्हणजे नावाला एसयूव्ही पण खालून ट्रकच. पावणेदोन लाख किलोमीटर झालेत. सकाळी बरी चालते, फोंड्याहून निघून तासभर झाला की डीमध्ये (ड्राइव्ह, पुढे जायचा गिअर) आरपीएम चढतो आणि गाडी मात्र रेंगाळते. गॅरेजवाल्याने नव्या गिअरबॉक्सचा दीड लाखाचा आकडा सांगितलाय आणि तुम्ही विचारताय, बदलून टाकू का?

आज नको. आधी तेल बघा. आणि ते बघेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

मी साखळीच्या बाजूला राहतो. बागायत आहे, त्यामुळे मागच्या सीट पाडून नारळाची पोती भरायची आणि चोर्ला घाटातून बेळगाव गाठायचं, असं माझ्या गाडीचं आयुष्य गेलं. पहिली खूण मला घाटात नाही, चोडणच्या फेरीबोटीवर मिळाली. उतरायची वेळ आली, डीमध्ये टाकली, ब्रेक सोडला आणि काहीच नाही. एक, दोन, तीन सेकंद. तेवढ्यात गाडी वीतभर मागे सरकली. मागे स्कूटरवर एक बाई, पायाशी मासळीची टोपली. तिने जी शिवी हासडली ती इथे लिहिता येणार नाही. मग एकदम धक्का देऊन गिअर पडला आणि गाडी उडी मारल्यासारखी वर गेली. पीमधून (पार्किंग) डी किंवा आरमध्ये (रिव्हर्स) टाकल्यावर गिअर सेकंदभरात लागायला हवा. तुमचाही उशिरा लागतोय का, ते उद्या सकाळी थंड इंजिनवर आणि मग गरम झाल्यावर, दोन्ही वेळा मोजून बघा.

गरम झाल्यावरच का, तर साध्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेलाचं काम फक्त वंगणाचं असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेलच सगळं करतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद तेल पुढे नेतं, क्लच प्लेटांचे गठ्ठे तेलाच्या दाबाने आवळले जातात, आणि उष्णता बाहेर काढायची तीही तेलानेच. तेल तापलं की पातळ होतं. आतली रबरी सील वयाने कडक झालेली असली की ते त्यांच्या कडेने निसटतं, दाब पडतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की आणखी तापतात. एकदा हे सुरू झालं की प्रत्येक फेरीगणिक प्लेटांचा जीव कमी होतो. म्हणून घाट नको म्हटलं.

तेल बघायची रीत: गाडी सपाटीवर, वीसेक मिनिटं चालवून गरम केलेली, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर सगळ्या गिअरांतून सावकाश फिरवून पीमध्ये आणा, मग डिपस्टिक काढा. बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन चालू ठेवूनच बघतात, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा वाचून घ्या. डिपस्टिकच नसेल तर खालचा लेव्हल प्लग ठरावीक तापमानाला उघडून बघावं लागतं, ते घरी करू नका. पातळी कमी असेल तर नुसत्या तेवढ्यानेही गरमपणी स्लिप होते. मग गळती शोधायची. आपल्याकडे यात एक गंमत आहे. अंगणात चिरे, माती तांबडी आणि हे तेलही लाल, त्यामुळे महिनोन्‌महिने गळलेलं कुणाला दिसत नाही. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. समुद्राकाठच्या गाड्यांचे, तेल थंड करणाऱ्या कूलरचे लोखंडी पाइप गंजून झिरपतात, तिकडे आधी बोट फिरवा.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टेकवा. लाल आणि आरपार दिसणारा असेल तर उत्तम. तपकिरी पण वास नाही, तर म्हातारं तेल. काळपट आणि जळका वास, तर प्लेटा जळल्यात. आणि गुलाबी, दुधाळ, कोकम कढीसारखा दिसला तर त्यात पाणी गेलंय. माझा थेंब तसला होता.

इथे माझी चूक सांगतो, कारण तीच तुम्ही करायच्या वाटेवर आहात. खाणींमुळे आमच्या साखळी-डिचोली पट्ट्यात टिपरचे मेस्त, म्हणजे मेकॅनिक, असे एकेक उस्ताद आहेत की डोळे बांधून गिअरबॉक्स उतरवतील. मी अशाच एका गॅरेजात गेलो. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, ऑटोमॅटिक मी उघडत नाही, पण माणूस आहे. तो माणूस आला, बॉक्स उतरवला, नव्या प्लेटा, नवी सील, ब्याण्णव हजार. गाडी लोण्यासारखी चालली. चार महिने. मग परत तेच, परत गुलाबी.

दुसऱ्या वेळी बेळगावच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे टो करून नेली. त्याने गिअरबॉक्सकडे बघितलंही नाही. गाडी थंड होऊ दिली, रेडिएटरचं झाकण उघडलं, आत बोट फिरवलं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोटाला तेलकट गुलाबी साय. म्हणाला, बॉक्सचा काही दोष नाही, तुम्ही त्याला विष पाजताय.

अशा बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला कूलंट, मध्ये पातळ भिंत. ती भिंत कुजली की दोन्ही एक होतात. क्लच प्लेटांवरचा थर कागदासारखा असतो, लोखंडावर चिकटवलेला. पाणी आणि कूलंट मुरलं की तो सुटायला लागतो. मी नवा बॉक्स करून घेतला आणि जुना रेडिएटर तसाच ठेवला, म्हणजे चार महिन्यांत नव्या प्लेटाही कुजवल्या. भिंत कुजली कशी, तर कूलंट संपला की विहिरीचं पाणी ओतायची आमच्या घरची जुनी सवय. दुसऱ्या खेपेला नवा रेडिएटर, त्याच्यापुढे तेलाचा वेगळा कूलर, सगळ्या पाइपांची धुलाई आणि मग प्लेटा. त्यानंतर दोन पावसाळे गेले, गाडी चालतेय.

तेव्हा तुमच्या गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: बॉक्स खराब झाला कशामुळे? उत्तर नसेल तर दीड लाख त्याच्या हातात देऊ नका.

तेल लाल निघालं तर अजून बरीच आशा आहे. स्कॅनर लावून घ्या, आणि तो इंजिनपुरता नको, गिअरबॉक्सचा कंप्युटर वाचणारा हवा. पी ०७०० एवढाच कोड दिसला तर त्याचा अर्थ फक्त ‘गिअरबॉक्सच्या कंप्युटरला काहीतरी सांगायचंय’, खरा कोड आत असतो. पी ०७४१ म्हणजे कन्व्हर्टरच्या लॉक-अपची (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचची) तक्रार, पी ०७१५ म्हणजे आतल्या वेगाच्या सेन्सरची. सेन्सर किंवा सोलेनॉइड (तेलाची वाट उघडणारा-मिटणारा विजेचा व्हॉल्व्ह) बदलणं हे पूर्ण बॉक्सच्या मानाने किरकोळ काम. माझ्या शेजाऱ्याची गाडी पावसाळ्यानंतर तिसऱ्याच गिअरमध्ये अडकून राहायची. याला लिंप मोड म्हणतात, गाडी स्वतःला वाचवायला तसं करते. निघालं काय, तर गंजलेली अर्थची वायर. खर्च शंभर रुपये आणि एक चहा.

आणखी एक घरगुती चाचणी. सत्तरच्या आसपास वेगाने हलक्या पायाने जाताना गाडी रंबलरवरून गेल्यासारखी थरथरते का? थरथरत असताना डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, दिवा लागण्यापुरता. थरथर त्या क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. मोकळ्या रस्त्यावर करा, बोरीच्या पुलावर नको.

मग गिअरबॉक्सचं खालचं पॅन, म्हणजे तेलाची परात, उघडायचं. आत चुंबक असतो. त्यावर राखाडी मलमासारखा लेप असेल तर ते वयाचं लक्षण, घाबरू नका. चकचकीत कीस किंवा तुकडे असतील तर मात्र उघडल्याशिवाय इलाज नाही. तुम्ही स्वतः समोर उभे राहा, फोटोवर विश्वास ठेवू नका. पॅन काढल्यावर सगळं तेल येत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून फिल्टर बदला, तेल भरा, काही दिवस चालवा आणि परत एक-दोनदा हेच करा. तेल मात्र गाडीच्या कंपनीने पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. माझ्या गाडीत एक पोरगा साध्या गिअरबॉक्सचं ९० नंबरचं तेल ओतायला निघाला होता, मी ओरडलो म्हणून वाचलो.

‘जुन्या गाडीचं तेल बदललं की बॉक्स मरतो’ हे तुम्हाला दहा जण सांगतील. बहुतेक वेळा बॉक्स आधीच मरायला टेकलेला असतो आणि माणूस तेव्हाच तेल बदलतो. जळका वास येत असेल तर नव्या तेलाने चमत्कार होणार नाही, एवढंच त्यात खरं.

खोलायचीच वेळ आली तर उघडण्याआधी तेलाचा दाब गेज लावून मोजणाऱ्याकडेच जा. कन्व्हर्टर नवा किंवा दुरुस्त केलेला हवा, जुना तसाच बसवला तर त्यातली घाण नव्या बॉक्समध्ये उतरते. जुन्या प्लेटा परत मागा. कुर्ल्याच्या भंगार बाजारातला जुना बॉक्स स्वस्त पडतो, पण त्याच्या पट्टीवरचा नंबर तुमच्याशी जुळायला हवा आणि फोर बाय फोर वेगळा असतो. शिवाय २०११ ची गाडी म्हणजे नोंदणीच्या १५ वर्षांचा हिशेब आलाच. पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. बॉडी आणि चॅसी खाऱ्या हवेने खाल्ली असेल तर मी दीड लाख घालणार नाही. चॅसी ठणठणीत असेल तर घालीन, आणि घातलेही.

तोवर चालवायलाच लागली तर फर्मागुडीची चढण ओव्हरड्राइव्ह (सगळ्यात वरचा गिअर) बंद करून चढा आणि चढावर थांबलात की गाडी ॲक्सिलरेटरवर धरू नका, ब्रेकवर धरा. वाटेत बंद पडली तर दोरी बांधून ओढून नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद, आणि चाकं फिरतात म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. उचलून नेणारी फ्लॅटबेड मागवा.

उद्या टिश्यूवरचा डाग बघा आणि रंग कळवा. आणि रेडिएटरचं झाकण गरमपणी उघडू नका, माझ्या मनगटावर अजून खूण आहे.